कुणी विसरावं, कुणी लक्षात ठेवावं

रेडिएशनचा किंवा केमोचा शेवटचा दिवस आला की आता अनेक हॉस्पिटलांत रुग्णाला घंटा वाजवायला सांगतात. ही पद्धत १९९६ साली अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये सुरू झाली. आयर्व्ह ले मॉइन हे नौदलातले निवृत्त अधिकारी तिथे रेडिएशन घेत होते. काम फत्ते झालं की घंटा वाजवायची, ही नौदलातली रीत त्यांनी दवाखान्यात आणली आणि तिथून ती जगभर गेली. नर्स टाळ्या वाजवतात, घरचे व्हिडिओ काढतात, संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचलेला असतो. २०१९ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी रेडिएशन पूर्ण केलेल्या दोनशेच्या वर रुग्णांना विचारलं, उपचारांचा त्रास किती झाला होता? घंटा वाजवलेल्यांनी तो जास्त सांगितला. ऐन भावनेच्या भरात साजरा झालेला शेवट त्या त्रासाची आठवण पक्की करून टाकत असावा, असा संशोधकांचा तर्क. एवढ्या एका अभ्यासावरून घंटा उतरवून ठेवा असं मी म्हणणार नाही. ज्याला वाजवावीशी वाटते त्याने खुशाल वाजवावी. मला प्रश्न पडतो तो टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल. दुसऱ्या दिवसापासून ते काय लक्षात ठेवतात आणि काय विसरतात?

माझं म्हणणं असं, की कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाभोवती आठवण आणि विसर यांची वाटणी आज अगदी उलटी झाली आहे. विमा कंपनी, बँक, नोकरी देणारा साहेब, लग्नाचा विषय निघाला की चौकशा करणारे लोक, यांनी एका मुदतीनंतर हे आजारपण विसरायला हवं. ते कधीच विसरत नाहीत. आणि घर, शेजार, सोबत प्रार्थनेला बसणारी मंडळी, खुद्द आरोग्यव्यवस्था, यांनी ते लक्षात ठेवायला हवं. ते काही महिन्यांत विसरून मोकळे होतात.

हा काही मूठभर लोकांचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कॅन्सर झाला आणि ९७ लाख त्यात दगावले. त्याच अंदाजातला तिसरा आकडा मात्र बातम्यांत मागे राहतो. निदानाला पाच वर्षं झालेली नाहीत आणि जिवंत आहेत, अशी माणसं तेव्हा ५ कोटी ३५ लाख होती. पाच वर्षं उलटून गेलेले यात धरलेलेच नाहीत. आयुष्यात कधी ना कधी दर पाचांतल्या एका माणसाला कॅन्सर होतो, असंही तीच संस्था सांगते. म्हणजे ‘कॅन्सर होऊन गेलेला माणूस’ प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक प्रार्थनासभेत असणार आहे. किंबहुना आहेच, फक्त सगळे सांगत नाहीत.

फिट्झह्यू मुलन हे अमेरिकन डॉक्टर स्वतः बत्तिसाव्या वर्षी कॅन्सरचे रुग्ण झाले. १९८५ साली त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला. बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढण्याच्या एकाहून एक युक्त्या आपण शोधल्या, पण एकदा तो धक्क्यावर आला की आपलं काम झालं असं समजून त्याला तिथेच खोकत, धापा टाकत सोडून देतो, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. बरं होणं ही एका दिवसात घडणारी गोष्ट नव्हे, त्याचेही ऋतू असतात, हा त्यांचा मुद्दा. चाळीस वर्षं झाली या लेखाला. औषधं कुठल्या कुठे गेली. धक्क्यावरचं दृश्य फारसं बदललेलं नाही.

हे खोकणं, धापा टाकणं म्हणजे नेमकं काय, ते घरच्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. डॉक्सोरुबिसिनसारखी केमोची औषधं हृदयाच्या स्नायूंना इजा करू शकतात आणि ती इजा कित्येक वर्षांनी वर येते. सिसप्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं, हातापायांना मुंग्या राहू शकतात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजण्याची शक्यता पुढे कायम राहते. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हार्मोन रोखणारी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते, आणि त्या गोळीचे सांध्यांवर, झोपेवर, मनःस्थितीवर होणारे परिणाम रोजचेच असतात. शब्द आठवत नाहीत, वाचलेलं ध्यानात राहत नाही. आणि थकवा. झोपून उठलं तरी न जाणारा, सकाळी दहा वाजताच अंगावर येणारा थकवा. बाहेरून काहीच दिसत नाही. केस परत आलेले असतात, वजन भरलेलं असतं आणि भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, “अरे वा, तू तर आता ठणठणीत दिसतोस!” यावर काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर रडगाणं.

घरापासून सुरुवात करू. घरच्यांना दोष देणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा अन्यायाचं आहे. उपचार चालू असताना घर एका वेळापत्रकावर चालतं. तारखा, रिपोर्ट, रक्ताचे आकडे, कोण सोबत जाणार, कोण मुलांना बघणार, पैसे कुठून आणायचे. त्या घाईत कुणाला रडायलाही सवड नसते. वेळापत्रक संपतं तेव्हा घरचे सगळे एकदम गळून जातात. त्यांना मनापासून वाटतं, झालं एकदाचं, आता पूर्वीसारखं होऊ दे. त्यांना आई पूर्वीसारखी हवी असते, नवरा पूर्वीसारखा हवा असतो. नेमकी तेव्हाच रुग्णाच्या मनातली भीती जागी होते. उपचार चालू असताना तो काहीतरी करत होता. आता काहीच करायचं नाही, फक्त पुढच्या तपासणीची वाट बघायची. घर सुटकेचा श्वास सोडतं त्याच दिवशी त्याचा श्वास अडकतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, फक्त त्यांच्या वेळा जुळत नाहीत. याला घरात कुणी वाईट असावं लागत नाही.

मग घर दोनपैकी एक चूक करतं. एकतर सगळी कामं जशीच्या तशी परत अंगावर टाकतं, नाहीतर एकही काम करू देत नाही. “तू बस, तू नको करूस, तुला झेपणार नाही.” दुसरी चूक प्रेमापोटी होते म्हणून ती चूक आहे हेच कुणाला पटत नाही. पण घरातले सगळे निर्णय आपल्याला वगळून होऊ लागले, मुलांच्या शाळेतल्या तक्रारी आपल्यापर्यंत पोचेनाशा झाल्या, भांडणसुद्धा कुणी आपल्याशी करेनासं झालं, की माणसाला कळतं, आपण घरात पाहुणे झालो. मला विचाराल तर बरं झालेल्या माणसाशी भांडणं ही आदराचीच खूण आहे. त्याच्या रागाला ‘आजारपणामुळे चिडचिड होते’ असं नाव देऊन बाजूला ठेवलं, की तो राग कशाबद्दल होता हे कधी कळतच नाही.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल तर बोलणंच होत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, गर्भाशयमुखाच्या रेडिएशननंतर, हार्मोनच्या गोळ्यांमुळे शरीरसंबंधांवर परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपायही आहेत. पण डॉक्टर काढत नाहीत विषय, रुग्णाला लाज वाटते, जोडीदाराला वाटतं, जीव वाचला हे काय कमी आहे, आता असली अपेक्षा धरणं म्हणजे स्वार्थ. अशी दोन माणसं एका पलंगावर वर्षानुवर्षं एकमेकांना जपत, एकमेकांपासून लांब झोपतात. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूची गाठ, इतर कॅन्सर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार, अशा गंभीर आजारांच्या ५१५ विवाहित रुग्णांत किती जणांचा संसार मोडला, ते त्यात पाहिलं होतं. रुग्ण पुरुष असेल तर मोडलेल्या संसारांचं प्रमाण २.९ टक्के, रुग्ण स्त्री असेल तर २०.८ टक्के. एका देशातला, मर्यादित संख्येचा अभ्यास आहे, त्यावरून साऱ्या जगातल्या नवऱ्यांचा निकाल लावता येणार नाही. तरी शुश्रूषा करणं हे एकाच्या वाट्याला जन्मतः येतं आणि दुसऱ्याला ते कुणी शिकवलेलंच नसतं, एवढं त्यातून दिसतंच. आजारी बाईची काळजी घेणं हे घरातल्या पुरुषाला शिकवावं लागेल, आणि ते शिकवणं हॉस्पिटलच्या कामाचाच भाग असायला हवं.

आता श्रद्धेकडे येतो. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त आधार इथेच मिळतो आणि सगळ्यात खोल जखमाही इथेच होतात.

कॅन्सर का झाला, हा प्रश्न माणूस दोघांना विचारतो, डॉक्टरांना आणि देवाला. डॉक्टरांचं उत्तर बहुतेक वेळा निराश करणारं असतं. तंबाखू, दारू, काही विषाणू, वय, काही थोडी आनुवंशिकता अशी कारणं माहीत आहेत. पण शरीरातल्या पेशी आयुष्यभर विभागत असतात आणि दर विभाजनात डीएनएची नक्कल होताना चुका होतात. त्यातल्या काही चुका नको त्या ठिकाणी पडतात. क्रिस्टियन तोमासेती आणि बर्ट फोगेलस्टाइन या शास्त्रज्ञांनी २०१५ आणि २०१७ साली दाखवलं, की कॅन्सरमध्ये सापडणाऱ्या डीएनएच्या बदलांतला मोठा वाटा अशा निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चुकांचा असतो. त्यावर वाद झाले, अजूनही आहेत, आणि तंबाखू सोडण्याचं महत्त्व त्याने तसूभरही कमी होत नाही. पण एका माणसाच्या ‘मलाच का?’ला विज्ञानाकडे अनेकदा ‘तसं काही कारण नाही’ एवढंच उत्तर असतं. हे उत्तर पचवणं फार कठीण आहे. म्हणून ती रिकामी जागा भरायला लोक धावून येतात. कुणी म्हणतं मागच्या जन्माचं काहीतरी असणार. कुणी म्हणतं देव परीक्षा बघतो आहे. कुणी म्हणतं तू फार मनात ठेवतेस, म्हणून झालं. धर्म कुठलाही असो, वाक्यं थोड्याफार फरकाने हीच. बोलणाऱ्याला वाटतं आपण अर्थ देतो आहोत. ऐकणाऱ्याच्या पदरात पडतो तो आरोप.

याच आरोपाची नवी, धर्म सोडलेली आवृत्ती म्हणजे ‘सकारात्मक राहा’. ती जुनीपेक्षा जास्त त्रासदायक आहे असं मला वाटतं, कारण तिच्यामागे विज्ञान आहे असा तिचा दावा असतो. तर विज्ञान काय म्हणतं ते बघू. १९८९ साली डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या ज्या स्त्रिया आधारगटात, म्हणजे रुग्ण एकत्र बसून मन मोकळं करतात अशा गटात, जात होत्या त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या. ८६ स्त्रियांचा अभ्यास होता. जगभर गाजला. पुढे २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, आयुष्य वाढलं नाही. खुद्द स्पीगल यांनी पुन्हा करून पाहिला, २००७ साली निष्कर्ष आला, एकूण आयुष्यात फरक नाही. त्याच वर्षी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही मन प्रसन्न असण्याचा जगण्याच्या लांबीशी संबंध सापडला नाही. कॅनडाच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र सापडली. गटात जाणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि वेदना कमी जाणवली. म्हणजे माणसांचा आधार आयुष्य लांबवत नसेलही, ते सुसह्य करतो. एवढं पुरेसं नाही का? आधार द्यायला तो औषधच असला पाहिजे असं थोडंच आहे! पण आपल्याला फायदा हवा असतो. आणि जिद्दीने वाचतात असं एकदा मानलं, की जे गेले त्यांच्यात जिद्द नव्हती हे आपोआप मानलं जातं. वाचलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचं, शेजारच्या खाटेवरचं कुणीतरी गेलेलं असतं. त्याच्याइतकंच धैर्य असलेलं. त्याला हे वाक्य ऐकवताना आपण त्या गेलेल्या माणसाचा अपमान करत असतो.

प्रार्थनेचंही असंच मोजमाप करून पाहिलं गेलं आहे. कॅन्सर नव्हे, हृदयाच्या बायपास ऑपरेशनचे अठराशे दोन रुग्ण घेऊन अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २००६ साली आले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण ५९ टक्के निघालं, तर ज्यांना खात्री नव्हती पण ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती त्यांच्यात ५२. नास्तिक मंडळी हा आकडा मोठ्या चवीने सांगतात. मला तो सांगताना आनंद होत नाही. या प्रयोगाने देव खोटा ठरला नाही आणि खराही ठरला नाही, कारण खरा श्रद्धावान माणूस प्रार्थनेकडे असं नळासारखं बघतच नाही. पण आपल्यासाठी इतके लोक हात जोडून बसले आहेत, आता आपण बरं व्हायलाच हवं, या दडपणाची शंका त्यातून येते, आणि ती कॅन्सरच्या रुग्णांनाही ओळखीची वाटेल.

श्रद्धेच्या मंडळींना मी एकच सुचवीन. बरं झालेल्या माणसाकडून साक्ष मागू नका. “सांग सगळ्यांना, देवाने तुला कसं तारलं ते,” असं म्हणून त्याला पुढे उभं केलं जातं, आणि तो सांगतोही, कारण उपकाराखाली दबलेला असतो. कुणाची श्रद्धा या आजारात खरोखरच घट्ट होते. कुणाची मोडते. पुष्कळांची ना मोडते ना घट्ट होते, ती वेगळी होते, जरा गप्प, जरा संशयी, जरा भांडकुदळ. देवाशी भांडण्याची परंपरा भक्तीइतकीच जुनी आहे, आणि भांडणाऱ्याला सामावून घेणारी सभाच खरी धार्मिक, असं मी मानतो. ज्याला गाता येत नाही त्याला नुसतं बसू द्यावं. आणि प्रार्थनेत नाव घेण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे त्याच्या पुढच्या स्कॅनची तारीख लक्षात ठेवणं. स्कॅनच्या आधीचा आठवडा आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस, हे कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या वर्षातले सगळ्यात एकटे दिवस. तेव्हा कुणी फोन करत नाही. घंटा वाजवली त्या दिवशी मात्र शंभर मेसेज आलेले असतात.

शेजाराबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॅन्सर शिवल्याने होत नाही हे माहीत असूनही भांडी वेगळी ठेवणारे असतात. घरात एकाला झाला की मुलाबाळांकडे संशयाने बघितलं जातं, प्रत्यक्षात जोरदार आनुवंशिक कारण असलेले कॅन्सर एकूण कॅन्सरच्या पाच ते दहा टक्केच. “माझ्या मावशीलाही हाच होता, गेली बिचारी” हे वाक्य सहानुभूती म्हणून बोलणारे भेटतात. यांच्यात दुष्टपणा नसतो. ते स्वतः घाबरलेले असतात, आणि समोरचा माणूस त्यांना त्यांच्या भीतीचं तोंड दाखवतो. त्यांना त्याच्याकडून हवा असतो तो दिलासा, की असं झालं तरी माणूस हसत बाहेर पडतो. तो दिलासा देत बसणं हे त्याचं काम नव्हे.

आता सार्वजनिक बाजू. फ्रान्समध्ये २०१६ साली एक कायदा झाला. त्याला लोक ‘विसरलं जाण्याचा हक्क’ म्हणतात. उपचार संपून, आजार न उलटता ठरावीक वर्षं गेली, की कर्जासाठी विमा घेताना माणसाने आपला कॅन्सर सांगायचीच गरज नाही. आधी ही मुदत दहा वर्षं होती, २०२२ मध्ये ती पाचवर आणली. बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल, स्पेन, इटली यांनी आपापले असे कायदे केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या ग्राहक कर्जाच्या निर्देशात सगळ्या सदस्य देशांसाठी ही मुदत जास्तीत जास्त पंधरा वर्षं ठरवली आहे. विमा कंपन्या म्हणतील, जोखीम लपवली तर धंदा कसा करायचा? प्रश्न रास्त आहे. पण अनेक कॅन्सरमध्ये काही वर्षांनंतर आजार उलटण्याची शक्यता इतकी खाली येते, की जास्त हप्ता त्या धोक्याचा उरत नाही, नुसत्या शिक्क्याचा उरतो. नोकरीचंही तसंच. २००९ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात कॅन्सर होऊन गेलेल्यांमध्ये बेकारीचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, निरोगी लोकांमध्ये १५.२. यातले काही जण खरंच काम करू शकत नव्हते. काहींना फक्त थोडे कमी तास, बसण्याची सोय, तपासणीला सुट्टी, एवढंच हवं होतं आणि ते मिळालं नाही. काहींना तर मुलाखतीतच नाकारलं गेलं असणार, कारण कुणाकडेही न मागता विसर देणारा कायदा नोकरीच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी नाहीच.

आणि जिथे लक्षात ठेवायला हवं तिथे? लहानपणी कॅन्सर होऊन बरी झालेली मुलं घ्या. उत्तर अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या दहा हजारांहून अधिक अशा मुलांचा पाठपुरावा २००६ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर तीस वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांना काही ना काही दीर्घकालीन आजार जडण्याची शक्यता दिसली, ४२ टक्क्यांना गंभीर. छातीवर रेडिएशन झालेल्या मुलींना स्तनाच्या तपासण्या इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी आधी, विशीच्या मध्यापासून सुरू कराव्या लागतात. पण त्यासाठी आपल्याला कुठे, किती रेडिएशन दिलं होतं, कुठलं औषध किती दिलं होतं, हे त्या मुलीला माहीत तर हवं! लहान असताना तिला सांगितलं नाही, मोठी झाल्यावर आईवडिलांना तो विषय काढवत नाही, फाइल कुठेतरी हरवते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ साली शिफारस केली, की उपचार संपताना प्रत्येकाच्या हातात दोन गोष्टी असाव्यात, काय उपचार झाले त्याचा गोषवारा आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचं याची योजना. दोन-चार पानांचं काम आहे. घंटेपेक्षा स्वस्तच पडेल.

याला नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे. जगात अनेकांना साधे उपचार मिळत नाहीत आणि तुम्ही बरं झालेल्यांच्या सोयी मागता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण उपचारांनंतरची काळजी ही चैन आहे हे गृहीतकच चुकीचं आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ लोकांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम दिला, निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले पहिल्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्यात ७३.९. कितीतरी महागड्या औषधांना एवढा फरक पाडता येत नाही. आणि इथे फरक पडला तो पुस्तिकेने नव्हे, तर ‘या आठवड्यात का आला नाहीत?’ असं विचारणाऱ्या माणसाने, असं मी म्हणेन. संशोधकांनी हे वाक्य लिहिलेलं नाही, ते माझं आहे.

वर मी सगळीकडे ‘उपचारांनंतर’ म्हणत आलो आहे. पण ज्यांचे उपचार कधी संपतच नाहीत त्यांचं काय? रक्ताच्या एका कॅन्सरवर २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि काही वर्षांत माणूस दगावेल असा तो आजार रोजच्या गोळीवर दशकानुदशकं जगता येईल असा झाला. पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या, फुप्फुसाच्या काही कॅन्सरच्या रुग्णांतही कित्येक वर्षं औषधांवर, कामावर जात, मुलं वाढवत जगणारी माणसं वाढत आहेत. त्यांना कुणी घंटा वाजवायला सांगत नाही. ‘बरा झालास ना?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे हो किंवा नाही असं उत्तरच नसतं. आणि उपचार संपल्यापासून वर्षं मोजणारा विसराचा कायदा त्यांच्यासाठी कधी सुरूच होत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या टोकाने यावं लागेल. ब्रिटनच्या २०१० च्या समानतेच्या कायद्यात कॅन्सर झालेल्या माणसाला निदानाच्या दिवसापासूनच भेदभावाविरुद्धचं संरक्षण मिळतं. तो बरा होतो की नाही, उपचार संपतात की नाही, याच्याशी त्या संरक्षणाचा संबंध नाही. मालकाने त्याच्या कामात शक्य तेवढे बदल करायचे, आणि ते का हवेत याची साक्ष रोज मागायची नाही. घर, शेजार आणि प्रार्थनेची सभा यांना असा कायदा लावता येत नाही, पण सुरुवात मात्र त्यांनाही त्याच दिवसापासून करता येते.